लिनक्सवर स्क्रीनचा उजेड आणि रंग जुळवताना

लिनक्स टाकून झालं, वायफाय लागलं, मराठी कीबोर्डही बसला. मग हळूहळू लक्षात येतं की स्क्रीन काही बरोबर दिसत नाही. पांढरं पान डोळ्यांत घुसतं, नाहीतर सगळं मळकट आणि धुवट वाटतं. ब्राइटनेसची की दाबली की पडद्यावरची पट्टी इमानदारीत सरकते, उजेड मात्र जागचा हलत नाही. शोधाशोध केल्यावर कुठल्यातरी जुन्या पानावर एका ओळीची आज्ञा सापडते. ती दिली की स्क्रीन काळवंडते खरी, पण रंगही मरतात, आणि संगणक पुन्हा सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न.

गोंधळाचं मूळ असं, की उजेड आणि रंग तीन वेगळ्या ठिकाणांहून बदलतात आणि तिन्ही ठिकाणी नाव बहुधा ‘ब्राइटनेस’च असतं. पहिलं ठिकाण म्हणजे पॅनलच्या मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट. लॅपटॉपमध्ये तो लिनक्सच्या हातात असतो. दुसरं ठिकाण बाहेरच्या मॉनिटरचं स्वतःचं सर्किट, ज्याची बटणं मॉनिटरच्या कडेला किंवा खाली असतात. तिसरं ठिकाण ग्राफिक्स कार्डातला रंगांचा तक्ता. हा तक्ता दिव्याला हात लावत नाही, फक्त स्क्रीनकडे जाणारे रंग वाटेत बदलतो.

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर तो पहिल्या दोन ठिकाणीच करायचा, आणि छटा बदलायची असेल तर तिसऱ्या ठिकाणी जायचं. खालचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या, आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. टर्मिनलची भीती वाटत असेल तर सेटिंग्जमधल्या पायऱ्या आधी करा. बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

सुरुवातीला: वेलँड की एक्स११?

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा. लिनक्सचा दिसणारा चेहरा, म्हणजे डेस्कटॉप, वेगवेगळा असू शकतो. नोम डेस्कटॉपवर ‘सिस्टिम डिटेल्स’ आणि केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपवर ‘अबाउट धिस सिस्टिम’ या पानावर वेलँड किंवा एक्स११ असं लिहिलेलं असतं. पडद्यावर चित्र रंगवायच्या या दोन पद्धती आहेत. एक्स११ जुनी आणि वेलँड नवी. लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांपैकी फेडोराने २०१६ मध्ये आपल्या २५व्या आवृत्तीत वेलँड मूळ पर्याय केला, उबुंटूने २०२१ मध्ये २१.०४ पासून. उबुंटू २५.१० मध्ये तर नोमसाठी एक्स११चं सत्रच उरलेलं नाही. मिंट या अवताराचा सिनॅमन आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉप अजून मुख्यतः एक्स११वर चालतात.

हे आधी पाहायचं कारण असं, की इंटरनेटवर सापडणारे निम्मे-अधिक उपाय एक्स११च्या काळातले आहेत. वेलँडवर ते दिले तर काहीच होत नाही, किंवा एरर येते. दोष तुमच्या संगणकाचा नसतो, सल्ला शिळा असतो.

लॅपटॉपचा उजेड

आधी साधी वाट. नोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यावर क्लिक केलं की सूर्याच्या चिन्हाचा स्लायडर दिसतो. प्लाझ्मामध्ये तो खालच्या पट्टीतल्या बॅटरीच्या किंवा ब्राइटनेसच्या चिन्हात असतो. स्लायडर चालतोय पण कीबोर्डवरची की चालत नसेल, तर एफएन की धरून दाबून पाहा. काही लॅपटॉपवर एफएन लॉक चालू-बंद केल्यावर हा प्रश्न सुटतो.

उजेड आपोआप वर-खाली होत असेल तर ‘पॉवर’मध्ये जा. तिथे ‘ऑटोमॅटिक स्क्रीन ब्राइटनेस’ आणि ‘डिम स्क्रीन’ असे दोन पर्याय असतात. पहिला खोलीतल्या उजेडाच्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे सेन्सर नसलेल्या लॅपटॉपवर दिसतच नाही. दुसरा तुम्ही थोडा वेळ काही हलवलं नाहीत की स्क्रीन मंद करतो. पीडीएफ वाचत बसणाऱ्याला तो फार छळतो. मी तो बंदच ठेवतो.

स्लायडर सरकतोय आणि उजेड ढिम्म, किंवा स्लायडरच गायब, असं असेल तर जरा आत पाहावं लागतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून पत्त्याच्या जागी /सिस/क्लास/बॅकलाइट हा मार्ग रोमन लिपीत टाका. सिस म्हणजे एस, वाय, एस. या फोल्डरात इंटेल ग्राफिक्स असेल तर इंटेल_बॅकलाइट, एएमडी असेल तर एएमडीजीपीयू_बीएल आणि पुढे आकडा, अशा नावाचं काहीतरी दिसायला हवं. ते उघडा. आत ‘मॅक्स_ब्राइटनेस’ नावाची फाइल असते आणि तिच्यात फक्त एक आकडा असतो. कुठे २५५ असतो, कुठे काही हजार. शेजारच्या ‘ब्राइटनेस’ फाइलमध्ये आत्ताचा आकडा असतो. की दाबा आणि फाइल पुन्हा उघडा. आकडा बदलला आणि उजेड नाही बदलला, तर लिनक्स चुकीच्या दिव्याशी बोलतंय. इंटेल आणि एन्व्हिडिया अशी दोन कार्डं असलेल्या लॅपटॉपवर हे हमखास होतं, कारण तिथे या फोल्डरात दोन-दोन नोंदी असतात. आकडाच बदलत नसेल तर की लिनक्सपर्यंत पोचतच नाहीये.

फोल्डर साफ रिकामं असेल तर आधी एक गोष्ट आठवा: लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडली म्हणून कोणाच्या सल्ल्याने ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिला होता का? तो राहून गेला की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालूच होत नाही. मग ब्राइटनेस नाही, नाइट लाइट (रात्रीची पिवळसर छटा) नाही, कधीकधी रिझोल्यूशनही धड नाही. संगणक सुरू होताना लिनक्स चालू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधून तो शब्द काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्या, संगणक पुन्हा सुरू करा. उबुंटू आणि मिंटवर एवढं पुरतं.

नोमोडसेट नसूनही अडलं असेल तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक सूचना देऊन पाहता येते. ती आधी तात्पुरती द्यावी. संगणक सुरू होताना एस्केप की (जुन्या बायॉसच्या संगणकावर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा, पहिल्या ओळीवर ई दाबा. जी ओळ ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे बिघडलं तरी पुन्हा सुरू केल्यावर सगळं जिथल्या तिथे. नेटिव्हने जमलं नाही तर त्याच जागी ‘व्हेंडर’ आणि मग ‘व्हिडिओ’ करून पाहा. जे चालेल तेच वरच्या ग्रब फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’च्या शेजारी, अवतरणचिन्हांच्या आत, कायमचं लिहा आणि पुन्हा ‘सुडो अपडेट-ग्रब’.

टर्मिनलमधून उजेड बदलायला मला ब्राइटनेससीटीएल सगळ्यात सोपं वाटतं. ब्राइटनेस हा शब्द आणि त्याला चिकटून सी, टी, एल ही तीन अक्षरं. उबुंटू, डेबियन, मिंटवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ब्राइटनेससीटीएल’, फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. मग ‘ब्राइटनेससीटीएल सेट ४०%’ दिलं की उजेड चाळीस टक्के. ‘सेट ५%-’ म्हणजे आहे त्यातून पाच टक्के कमी, ‘सेट ५%+’ म्हणजे पाच टक्के जास्त. शून्य मात्र देऊन पाहू नका. काही पॅनल शून्यावर अगदी मंद होतात, काही चक्क विझतात, आणि मग काळ्या पडद्यावर अंदाजाने टाइप करत बसावं लागतं.

किती उजेड ठेवावा याला आकडा नाही, कारण तो खोलीवर ठरतो. एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी झगमगतेय आणि कागद राखाडी दिसतोय, तर उजेड जास्त आहे. स्क्रीन मातकट आणि कागद उजळ, तर कमी. दोन्ही एकसारखे दिसेपर्यंत पट्टी सरकवा. दुपारी खिडकीपाशी आणि रात्री दिव्याखाली हा आकडा खूप वेगळा येतो.

बाहेरचा मॉनिटर

डेस्कटॉपला जोडलेल्या मॉनिटरचा उजेड कीबोर्डवरच्या कीने बदलत नाही, म्हणून पुष्कळ जण लिनक्सला दोष देतात. विंडोजवरही तो सहसा बदलत नव्हताच. मॉनिटरचा दिवा मॉनिटरच्या ताब्यात असतो. तेव्हा आधी त्याची बटणं दाबून मेनू उघडा.

पहिलं काम, चित्राचा मोड बदलणं. नवा मॉनिटर पुष्कळदा दुकानातल्या उजेडात उठून दिसावा अशा भडक मोडमध्ये येतो. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’, ‘गेम’ असं काही असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘कस्टम’ करा. ‘एसआरजीबी’ मोड असेल तर रंग सगळ्यात प्रामाणिक मिळतात, पण कित्येक मॉनिटर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलू देत नाहीत. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि इको हे दोन्ही बंद. त्यांच्यामुळे पानावर पांढरं जास्त आलं की उजेड आपसूक हलतो, आणि तुम्ही सेटिंग्जमध्ये कारण शोधत राहता.

दुसरं, शार्पनेस. याकडे कोणी पाहत नाही, आणि मराठी वाचणाऱ्याने तर पाहायलाच हवं. शार्पनेस जास्त असेल तर मॉनिटर प्रत्येक काळ्या कडेभोवती एक पांढरट रेघ स्वतःहून काढतो. रोमन अक्षरांत ते खपून जातं. देवनागरीत शिरोरेषा सलग असल्यामुळे तिच्या वर-खाली ती पांढरी झालर स्पष्ट दिसते, आणि अनुस्वाराचं टिंब तिच्यात अडकल्यासारखं वाटतं. मोठ्या अक्षरात ‘संगणकांमध्ये’ असा एखादा शब्द लिहा, मॉनिटरच्या मेनूतून शार्पनेस वर-खाली करा, आणि झालर जिथे नाहीशी होते तिथे थांबा.

कॉन्ट्रास्ट सहसा कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच ठेवावा. तो फार वाढवला की फिकट राखाडी आणि पांढरं एक होऊन जातं, आणि स्प्रेडशीटमधल्या फिकट रेघा गायब होतात.

रोज बटणं दाबायचा कंटाळा येत असेल तर डीडीसीयूटिल घ्या. मॉनिटर आणि संगणक यांच्यात चित्राच्याच केबलमधून एकमेकांशी बोलायची डीडीसी-सीआय नावाची सोय असते, आणि हे साधन ती वापरून मॉनिटरची बटणं टर्मिनलमधून फिरवतं. पायऱ्या अशा:

१. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी-सीआय चालू आहे ना, ते पाहा. काहींत ते बंद करून ठेवलेलं असतं.
२. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डीडीसीयूटिल’.
३. ‘सुडो डीडीसीयूटिल डिटेक्ट’. मॉनिटरचं नाव दिसलं तर जिंकलात. नाही दिसलं तर ‘सुडो मॉडप्रोब आय२सी-डेव्ह’ देऊन पुन्हा डिटेक्ट.
४. ‘सुडो डीडीसीयूटिल सेटव्हीसीपी १० ६०’. यातला १० म्हणजे ब्राइटनेसचा ठरलेला क्रमांक, ६० म्हणजे हवा तो आकडा. कॉन्ट्रास्टचा क्रमांक १२.

हे बदल मॉनिटरमध्येच साठतात, म्हणजे संगणक बदलला तरी टिकतात. केबल थेट ग्राफिक्स कार्डाला लावलेली असेल तर बहुधा चालतं; मधे डॉक किंवा स्वस्तातलं कन्व्हर्टर आलं की बऱ्याचदा अडतं. प्लाझ्मा ६ वापरत असाल तर यातलं काही करायची गरज कदाचित पडणार नाही. तिथे ब्राइटनेसच्या चिन्हात बाहेरच्या मॉनिटरचा स्लायडर आपणहून येतो, आणि ६.२ पासून प्रत्येक मॉनिटरला वेगळा. बाहेरचे मॉनिटर वापरणाऱ्याला मी एवढ्यासाठीसुद्धा प्लाझ्मा सुचवेन.

एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसत असेल तर उजेड फिरवत बसू नका. टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात, संगणकाच्या जगात ० आणि २५५. एक बाजू एका मापाने बोलते, दुसरी दुसऱ्या मापाने ऐकते. टीव्हीच्या मेनूत ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘एचडीएमआय रेंज’ शोधून ‘फुल’ करा. प्लाझ्मामध्ये डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये काही कार्डांवर ‘आरजीबी रेंज’ हा पर्याय मिळतो. तोही तसाच ‘फुल’.

रात्रीची पिवळसर छटा

ही सोय म्हणजे नाइट लाइट. नोममध्ये ती ३.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. सेटिंग्ज, डिस्प्लेज, नाइट लाइट. प्लाझ्मामध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या शोधात ‘नाइट’ टाका. जुन्या आवृत्तीत नाव ‘नाइट कलर’ असेल. मिंट सिनॅमनमध्ये २२.१ पासून नाइट लाइट अंगभूत आहे, त्याआधी रेडशिफ्ट नावाचं वेगळं साधन सोबत यायचं. एक्सएफसीईवर अजूनही रेडशिफ्टच घ्यावं लागतं, आणि ते एक्स११वरच चालतं.

छटा केल्विनमध्ये मोजतात. ६५०० म्हणजे दिवसाचा सामान्य पांढरा, २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा रंग. आकडा जितका खाली, तितकं पान पिवळं-केशरी. सुरुवात ४५०० ते ५००० च्या आसपास करा. पहिल्याच रात्री ३००० वर नेलं तर स्क्रीन सोललेल्या संत्र्यासारखी दिसते आणि माणूस वैतागून सगळंच बंद करून टाकतो.

‘सनसेट टू सनराइज’ लावलं आणि काहीच झालं नाही, अशी तक्रार बरीच ऐकू येते. कारण असं, की आसपासच्या वायफायवरून ठिकाण ओळखायला लिनक्स मोझिलाची एक सेवा वापरत असे, आणि ती २०२४ मध्ये बंद झाली. ज्या संगणकांवर तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, तिथे संगणकाला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. सरळ ‘मॅन्युअल’ वेळ लावा. संध्याकाळी सात ते सकाळी सहा आपल्याकडे वर्षभर चालून जातं. रेडशिफ्ट असेल तर अक्षांश-रेखांश हाताने देता येतात: ‘रेडशिफ्ट -एल १८.५:७३.९ -टी ६५००:४५००’ हे पुण्यासाठी. नागपूरकरांनी २१.१:७९.१ द्यावं, मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सहा अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्यास्तात साधारण पंचवीस मिनिटांचा. सगळं पुसायला ‘रेडशिफ्ट -एक्स’.

डोळे दुखणं थांबेल म्हणून नाइट लाइट लावत असाल तर अपेक्षा जरा आवरा. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा साध्या चष्म्याच्या तुलनेत डोळ्यांचा शीण कमी होतो असं थोड्या काळाच्या वापरात तरी दिसलं नाही. चष्मा आणि स्क्रीनची छटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं, पण अंधाऱ्या खोलीत शंभर टक्के उजेड ठेवून वर पिवळी छटा चढवण्यात काही अर्थ नाही. आधी उजेड कमी करा, मग आवडली तर छटा.

रंगच चुकीचे दिसत असतील

पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. स्क्रीनशॉट काढून स्वतःला पाठवा आणि मोबाइलवर उघडा. मोबाइलवर रंग ठीक दिसले तर चित्रात दोष नाही. बिघाड तक्त्यात किंवा पॅनलमध्ये आहे. नाइट लाइट स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही तेही याच कारणाने.

मग नाइट लाइट बंद आहे ना, ते पाहा. हास्यास्पद वाटेल, पण लग्नपत्रिकेचा हळदीचा पिवळा जुळवत बसलेला माणूस संध्याकाळी सात वाजल्यापासून चुकीचा पिवळा पाहत असतो.

एएमडीच्या लॅपटॉपवर चार्जर काढला की रंग फिके पडत असतील, तर तो बिघाड नसून बचत आहे. दिवा मंद करून रंग ताणायची सोय ड्रायव्हरमध्ये आहे आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ती बॅटरीवर आपोआप लागते. पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’ करून पाहा. रंग लगेच परतले तर कारण हेच. कायमचं बंद करायला ग्रबच्या त्याच ओळीत ‘एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=०’.

यापुढची पायरी रंगाच्या प्रोफाइलची. सेटिंग्जमध्ये ‘कलर’ किंवा ‘कलर मॅनेजमेंट’ उघडलं की स्क्रीनसमोर एक प्रोफाइल लावलेलं दिसतं. ते मॉनिटरने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवरून बनतं आणि काही वेळा ती माहितीच चुकीची असते. स्क्रीन उगाच पिवळी किंवा हिरवट दिसत असेल तर ते काढून ‘एसआरजीबी’ लावून पाहा. आपल्याच मॉडेलचं दुसऱ्या कोणी बनवलेलं प्रोफाइल उतरवून लावू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनलं येतात, आणि एकच पॅनल तीन वर्षांनी तेच राहत नाही. छपाईचं किंवा फोटोंचं काम पोटापाण्याचं असेल तर कलरिमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र, भाड्याने किंवा ओळखीतून मिळवा आणि डिस्प्लेकॅल या प्रोग्रॅमने मोजणी करा. त्याच्या पोटात आर्गिलसीएमएस हे मुक्त साधन काम करतं. मोजणीआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा.

आणि ती एका ओळीची आज्ञा

सुरुवातीला म्हटलेली ती आज्ञा म्हणजे एक्सरँडर. एक्स, आर, ए, एन, डी, आर. नुसतं ‘एक्सरँडर’ दिलं की जोडलेल्या स्क्रीनची नावं दिसतात. लॅपटॉपचं नाव ईडीपी-१ असेल तर ‘एक्सरँडर --आउटपुट ईडीपी-१ --ब्राइटनेस ०.८’. नाव मात्र पडद्यावर जसं दिसतं तसंच लिहायचं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. नावात ब्राइटनेस असलं तरी दिवा तेवढाच जळत राहतो, म्हणून वीज वाचत नाही आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात. ही आज्ञा एक्स११चीच. वेलँडवर तिचा उपयोग नाही.

तरीही तिची एक खरी जागा आहे. काही पॅनलांचा दिवा कमी उजेडावर खूप वेगाने उघडझाप करतो आणि काहींचं डोकं त्याने दुखतं. अशांनी दिवा मध्यम ठेवून उरलेला उजेड या आज्ञेने कमी केलेला बरा. परत सरळ करायला ०.८ च्या जागी १. आणि चुकून ०.१ देऊन सगळं काळं झालंच, तर घाबरू नका: वर जायची बाणाची की दाबली की तीच आज्ञा परत येते, शेवटचा आकडा खोडून १ करा, एंटर. तेही जमलं नाही तर संगणक बंद करून चालू करा. ही आज्ञा संगणक लक्षात ठेवत नाही.